फाउंटन पेन : आकार व शाईभरणी

(झरणी, शाईपेन). पोटात शाईचा साठा बाळगून ती निबेच्या टोकापर्यंत आपोआप पोचवणारी लेखणी. दौतीत पुनःपुन्हा बुडवाव्या लागणाऱ्या टाकाहून ती वेगळी ठरते ती या साठ्यामुळे. तेव्हा साठा कसा भरतात यावरून तिची वर्गवारी करणे सयुक्तिक. महागड्या पेनांच्या दुकानात मात्र लांबी, जाडी, निबेचा नंबर आणि किंमत याच क्रमाने बोलणे होते. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीसारख्या (ता. सेलू, बोर धरण व अभयारण्याच्या वाटेवरील गाव) ठिकाणी, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पेन केवढे यापेक्षा त्याच्या टाकीत हवा किती उरली हा प्रश्न सदऱ्याच्या खिशाला अधिक जवळचा. प्रस्तुत नोंदीत भरणीला जास्त जागा दिली आहे ती त्यामुळे.

यंत्रणा : निबेखालच्या जिभेत बारीक खाचा असतात. केशाकर्षणाने शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर टाकीत शिरते. ही देवघेव बिनसली की पेन एक तर अडते, नाहीतर ओकते. अमेरिकेतील ल्युइस वॉटरमन यांच्या १८८४ च्या पेटंटाने या खाचांना व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले.

ड्रॉपर-भरणी : सर्वांत जुनी आणि भारतात सर्वांत चिवट पद्धत. निबेकडचा भाग आटे फिरवून काढायचा, काचेच्या ड्रॉपरने शाई सोडायची, आटे पुन्हा आवळायचे. पेनाची अख्खी नळीच टाकी असल्यामुळे मोठ्या पेनात ३ मिली व त्याहून अधिक शाई मावते. बिघडेल असा हलता भाग नाही. आट्यांना मेण किंवा किंचित ग्रीस लावले की झिरपणे थांबते.

दोष एकच, पण तो उन्हाळ्यात रोज भेटतो. टाकीत २ मिली हवा असताना तिचे तापमान २७ अंशांवरून ३७ वर गेले, तर ती सुमारे ३.३ टक्के फुगते, म्हणजे ०.०७ मिलीच्या आसपास. शाईचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. टाकी भरलेली असताना हवाच थोडी, म्हणून काही घडत नाही. पाऊण रिकाम्या पेनात मात्र एवढी फूग थेंबाला बाहेर ढकलते. दुपारच्या एसटीने हिंगणीहून सेलूला निघालेल्या माणसाचे टोपण आतून निळे का होते आणि सही करायला पेन उघडताच कागदावर पहिला डाग का पडतो, याचे कारण हे. (असा डाग खडूचे टोक टेकवून शोषून घेण्याची शाळकरी रीत संकलकाने वर्षानुवर्षे वापरली आहे, टीपकागदापेक्षा ती सरस नाही, पण खडू हाताशी असतो.) एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर, उष्णता सावकाश आत घेते, म्हणून धातूच्या नळीपेक्षा ते बरे. जपानच्या काही उंची पेनांत ड्रॉपर-टाकी व जीभ यांच्यामध्ये बंद करता येणारा दट्ट्या बसवतात. मागची कळ सैल केल्याशिवाय शाई पुढे येत नाही आणि त्रासाचे मूळच तुटते.

पिस्टन-भरणी : मागची कळ फिरवली की दट्ट्या सरकतो आणि निबेतूनच शाई ओढली जाते. जर्मनीच्या पेलिकनने १९२९ मध्ये थिओडोर कोवाच यांच्या पेटंटावर असे पेन बाजारात आणले. याच कंपनीच्या आजच्या मोठ्या पेनांत सुमारे १.३ मिली शाई मावते. ड्रॉपरपेक्षा साठा निम्म्याहून कमी, त्यामुळे फुगणारी हवाही कमी. दट्ट्या कालांतराने जड चालतो. तो सैल करणे घरच्या माणसाचे काम नव्हे.

रबरी पिशवी : नळीत रबराची पिशवी, ती दाबून सोडली की शाई वर चढते. दाबण्याच्या तऱ्हा अनेक: कॉन्क्लिनची चंद्रकोर, शेफरची तरफ, पार्करची कळ. पार्कर ५१ हे पेन १९४१ मध्ये आले तेव्हा पडद्याच्या भरणीचे होते; १९४८ पासून त्यात दाबपट्टीची टिकाऊ पिशवी आली. आजोबांच्या कपाटात सापडलेले ५१ बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते आणि धुऊन घेतले तर चालू होते.

निर्वात-भरणी : दांडा मागे ओढून एका दमात आत ढकलायचा, शेवटच्या टप्प्यात पोकळी सुटते आणि शाई उसळून भरते. ब्रिटनचे ओनोटो (१९०५) हे याचे जुने उदाहरण, पायलट कस्टम ८२३ हे हल्लीचे. ८२३ ची मागची कळ आवळून ठेवली की शाईची वाट बंद होते.

कार्ट्रिज व कन्व्हर्टर : सोय सर्वांत जास्त, साठा सर्वांत कमी.

आकार : मोंब्लां १४९ हे १९५२ पासूनचे पेन मोठ्या पेनांचे माप मानले जाते. टोपणासह लांबी १५ सेंमीला जरा कमी, जाडी सुमारे १५ मिमी, वजन तीस ग्रॅमच्या थोडे वर. पेलिकन एम १००० जवळपास तेवढेच. एम ४०० त्याहून दोन सेंमीने आखूड. नामिकी एम्परर या सर्वांना लहान ठरवते. पार्कर ५१ लांबीला फार कमी नाही, पण बारीक आहे आणि निब झाकलेली असल्याने दिसायला आणखी लहान वाटते. निबेचे नंबर मात्र एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत: मोंब्लांची ९ आणि नामिकीची ५० हे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आकडे आहेत. भारतीय कारागीर निब मिलिमीटरमध्ये सांगतात (३५, ४०), तेच सरळ.

वर्धा आणि स्वदेशी पेन : राजमहेंद्री (आंध्र) येथील सोनारकाम जाणणारे के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइटचे ड्रॉपर-पेन घडवून वर्ध्याला गांधीजींकडे पाठवले. ते पोचले अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे ठाणे वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, म्हणजे मगनवाडीत होते आणि गांधीजींचा मुक्कामही तेव्हा तिथेच असे. १६ जुलै १९३५ च्या पत्रात गांधीजींनी पेन वापरून पाहिल्याचे व बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटत असल्याचे कळवले. लांबी, वजन, निबेचा नंबर यांचा त्यात उल्लेख नाही. पेनातला कोणता भाग कुठून आला, हे मगनवाडीच्या दृष्टीने खरे माप. रत्नम यांची गांधीजींशी पहिली भेट १९२१ मध्ये झाली आणि टाचणीपासून पेनापर्यंत काहीतरी उपयोगाचे करा असे त्यांना तेव्हाच सांगण्यात आले, अशी हकिकत सांगतात. पहिले स्वदेशी पेन कोणते, यावर एकमत नाही. बनारसच्या राधिकानाथ साहा यांचे ‘लक्ष्मी’ स्टायलो पेन याआधीचे, पण त्याला निब नव्हती.

मोंब्लांचे गांधी-पेन : गांधीजींच्या नावाने २००९ मध्ये या कंपनीने पेन काढले. पांढऱ्या सोन्याच्या आवृत्तीची संख्या २४१, दांडीयात्रेच्या मैलांइतकी. चातीवरच्या सुताची आठवण म्हणून त्यावर सोन्याची तार गुंडाळलेली, निबेवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले, किंमत ११ लाखांच्या वर. केरळ उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. राष्ट्रीय नावे व प्रतीके यांच्या अनुचित वापरास बंदी घालणाऱ्या १९५० च्या कायद्याचा प्रश्न त्यात होता. पुढे भारतातील विक्री थांबली. मगनवाडीतल्या पेनापासून या पेनापर्यंतचे अंतर ७४ वर्षांचे.

शाई : मुंबईत १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या उद्योगाची (पुढे कॅम्लिन) आरंभीची उत्पादने शाईच्या पुड्या व गोळ्या ही होती, ‘उंट’ छाप नंतरचा. चित्रकलेची काळी जलरोधक शाई कोणत्याही भरणीच्या पेनात घालू नये, ती जिभेत वाळून बसते. ड्रॉपर-पेन असल्यास निदान ते उघडून धुता येते.