रिक्षाच्या चाकांची जुळणी (टायर बदलल्यानंतरची)

रिक्षाची तिन्ही चाके एकमेकांशी समांतर, उभी आणि आपापल्या जागी आहेत की नाहीत हे तपासणे आणि नसतील तर त्याचे कारण दूर करणे, म्हणजे चाकांची जुळणी. गॅरेजात तिला ‘अलायमेंट’ म्हणतात. विरार पूर्वेला फुलपाड्यासारख्या वस्तीत रोजची ये-जा बरीचशी रिक्षावर चालते. तिथे या कामाची आठवण सहसा नवा टायर टाकल्यावर होते. जुन्या टायरवर निमूट चालणारी गाडी नव्यावर डावीकडे ओढू लागते आणि दोष टायरवाल्यावर येतो. पुष्कळदा तो त्याचा नसतो.

मोटरसायकलचे मागचे चाक काढताना आस सैल करावा लागतो, साखळीचा ताण जुळवावा लागतो, आणि बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा चुकल्या तर चाक खरोखरच तिरके बसते. रिक्षात तसे नाही. नट सोडले की रिम ड्रमवरून सुटते. आस, आर्म (मागचे चाक धरणारा दांडा), फोर्क (पुढचे चाक धरणारा) जागचे हलत नाहीत. याचे मूळ व्हेस्पा स्कूटरमध्ये आहे. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा विमानविद्येचा अभियंता. विमानाच्या चाकाप्रमाणे त्याने पुढचे चाक एकाच बाजूने धरले, म्हणजे ते मोटारीच्या चाकासारखे चटकन बदलता यावे. १९४८ मध्ये पियाजियोने त्याच घराण्यातली तीनचाकी ‘आपे’ काढली (इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी). बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि पियाजियोच्या सहकार्याने ही घडण पुण्यात आली. नेहमीच्या रिक्षाचे पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे, ४.००-८, आणि स्टेपनी एकच. ती तिन्हीपैकी कुठेही लागते.

त्यामुळे टायर बदलल्याने मूळ जुळणी बिघडत नाही. बिघडते ती बसवणी, आणि तिच्या चुका ठरलेल्या आहेत. या जातीची रिम दोन अर्ध्या ताटल्या बोल्टने जोडून होते. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट सोडू नयेत. दाबाखालची ताटली उडून माणूस जखमी होतो. जोडताना ट्यूबमध्ये थोडी हवा ठेवली नाही तर ती ताटल्यांच्या फटीत चिमटते. फटीत गंजाचे पापुद्रे राहिले तर रिम सपाट मिटत नाही, ड्रमच्या तोंडावर चिखल सुकलेला असला तर चाक त्या जाडीएवढे तिरके बसते. नट ओळीने आवळत गेले तरी तेच. ते समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे असतात. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत बुडाली असेल तर टायर तिथे बसलेला नाही. हवा काढा, काठाला साबणाचे पाणी लावा, पुन्हा भरा. हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. तरीही फार थोडे लोक पाहतात.

आता जुळणी म्हणजे नेमके काय. पुढे एकच चाक असल्याने मोटारीसारखा पुढच्या दोन चाकांचा आत-बाहेर कल इथे निघतच नाही. पाहायच्या गोष्टी तीन: मागची दोन चाके एकमेकांना आणि गाडीच्या मधल्या रेषेला समांतर असणे, पुढचे चाक त्या रेषेवर आणि उभे असणे, आणि पुढच्या चाकाच्या आसापासून मागच्या दोन्ही आसांपर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे सारखे भरणे. चाकाचा व्यास सुमारे ४० सेंमी. मागच्या चाकाचा पुढचा काठ मागच्या काठापेक्षा फक्त ४ मिमी आत असला, तर तिरकेपणा शंभरास एक पडतो. दोन्ही चाके अशी असतील तर प्रत्येक किलोमीटरमागे रबर १० मीटर आडवे घासले जाते. दिवसाला ८० किलोमीटर धंदा करणाऱ्या गाडीत हे ८०० मीटर होतात. ‘टायर महिन्यात खाल्ला’ या तक्रारीमागचे गणित एवढेच.

मोजायला यंत्र लागत नाही. सपाट फरशी, सुतळी, चार विटा आणि पट्टी पुरते. गाडी सरळ ढकलत आणून थांबवावी, हँडल सरळ ठेवावे, मागच्या सीटवर नेहमीएवढे वजन बसवावे. रिकाम्या गाडीचे माप फसवते. मग आसाच्या उंचीवर, विटांच्या आधाराने, मागच्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला मागच्या आणि पुढच्या काठावर टेकेल अशी सुतळी पुढच्या चाकाच्याही पुढे ताणावी. पायरीशी अडली तर थोडी खाली घ्यावी. दुसऱ्या बाजूलाही तसेच. दोन सुतळ्यांमधले अंतर मागे आणि पुढे एकच आले पाहिजे. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २ मीटर अंतर असल्याने चाकापाशी डोळ्याला न दिसणारा ४ मिमीचा फरक तिथवर २० मिमी होतो. सुतळीची सगळी करामत ती आहे. त्यानंतर प्रत्येक सुतळीपासून पुढच्या रिमच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. डावे-उजवे जुळले नाही तर पुढचे चाक रेषेवर नाही. घाईत असलेल्याने ओल्या फरशीवरून गाडी सरळ कोरड्या फरशीवर नेऊन तीन ओल्या रेघा पाहाव्यात. मधली बरोबर मध्यावर पडली पाहिजे.

फरक निघाला तर काय, हा प्रश्न अवघड आहे, कारण मोटारीत जसा पाना लावून कल फिरवता येतो तशी फिरवण्याची जागा नेहमीच्या रिक्षाच्या मागच्या चाकांना नसते. इथे दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग बदलणे. आर्मचे बुश गेलेले असतात, आर्म वाकलेला असतो, बेअरिंग सैल असते किंवा फोर्कला बाक आलेला असतो. वाकलेला आर्म तापवून आणि ठोकून सरळ करण्याची रीत स्वस्त पडते, पण तापलेल्या लोखंडाचा मूळचा कस उरत नाही, आणि हा भाग तीन प्रवाशांचा भार पेलतो. तिथे पैसे वाचवू नयेत.

ओढण्याची सगळीच कारणे जुळणीची नसतात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. अडखळले तर ब्रेकचा लायनर चिकटतो आहे. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवल्यावर अगदी मध्यावर अडकल्यासारखे झाले, तर खड्ड्यांच्या मारामुळे हँडलच्या कोन-बेअरिंगमध्ये खाचा पडल्या आहेत. अशी गाडी एका बाजूला ओढत नाही, दोन्हीकडे भरकटते. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो, म्हणून डाव्या बाजूने चालणारी गाडी किंचित डावीकडे झुकते, तेवढे सोडून द्यावे. आणि सर्वात नेहमीचे कारण: मागे एक टायर नवा आणि दुसरा झिजून गोटा झालेला. दोन्हींचा घेर वेगळा झाला की गाडी लहान चाकाकडे ओढते आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला अखंड काम पडते. मागचे टायर जोडीनेच बदलावेत. पैसे एकाचेच असतील तर नवा पुढे टाकावा आणि पुढचा, बऱ्या अवस्थेत असेल तर, स्टेपनीला ठेवावा.

नवा टायर घेण्याआधी जुना वाचावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली तर चाक कललेले आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप पाहावा. नक्षीवरून तळवा आडवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने बोचरा लागला, तर ते चाक आडवे घासत चालले होते. नवा टायरही तसाच जाणार.

फुलपाड्याच्या बाजूला, जीवदानीचा डोंगर आणि पापडखिंड धरण यांच्या अंगाने, पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांमुळे रिक्षांना जुळणी बिघडण्याचे दुखणे अधिक जडते. मोटार खड्डा दोन चाकांमध्ये घेऊन निसटते. रिक्षाच्या चाकांच्या वाटा तीन, त्यामुळे खड्डा चुकवायला मोकळी जागाच उरत नाही. मागची चाके वाचवली तर पुढचे सापडते. त्यातून चालकाशेजारी चौथा प्रवासी बसला की भार एका अंगाला जातो आणि त्या बाजूचे बुश आधी जातात.

विरारच्या ‘एमएच-४८’ पाटीच्या रिक्षाला कायद्याचा निकष टायरपुरता साधा आहे: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार तीनचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिमीपेक्षा कमी खोल असता कामा नये. मोजायचे तर सर्वात झिजलेल्या कडेला मोजावे, मध्यावर नव्हे.