भातकुली, पौषातला दुसरा रविवार

आधी खिसा रिकामा करा. गांधीजींचं चित्र असलेली नोट इथे कोणी घेणार नाही; खुद्द गांधीजी आज पुण्याच्या आगाखान पॅलेसात स्थानबद्ध आहेत आणि कस्तुरबा तिथेच अंथरुणाला खिळल्या आहेत. तारीख ९ जानेवारी १९४४. उद्या पौर्णिमा. तुम्ही भातकुलीत आहात, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचं आणि कारभार इंग्रजाचा. नागपूरच्या गादीवर गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम. काँग्रेसचे मंत्री १९३९ सालीच राजीनामे देऊन बाहेर पडले.

तुम्ही ज्यांच्या ओसरीवर उतरलात त्या आबाजींनी तुमच्या हातावर बाजारासाठी थोडे पैसे ठेवले आहेत. ते नीट बघा, कारण लढाई भातकुलीत पहिल्यांदा शिरली ती या पैशांतून. विमान इथे आलं नाही, बॉम्ब पडला नाही. पण व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया १९४१ मध्ये बाद झाला, सातव्या एडवर्डचा त्याच्या पुढच्या वर्षी, आणि पाचव्या जॉर्जचा गेल्या मे महिन्यात. नव्या रुपयात चांदी निम्मीच. आबाजी तो दगडावर वाजवून बघतात, नाक मुरडतात. त्याहून वाईट म्हणजे एक रुपयाची कागदी नोट. रुपया उंदराने कुरतडावा, हे या घरातल्या कोणाला अजून पटलेलं नाही. जुने रुपये घरोघरी मडक्यात, जमिनीखाली गेलेत आणि सरकारला ते ठाऊक आहे.

आता तो तांब्याचा पैसा घ्या. मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं भोक. धातू वाचवायला सरकारने गेल्या वर्षीपासून असा पैसा पाडला. त्याआधी वर्षभर मोडीची इतकी टंचाई होती की दुकानदार सुट्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर टेकवत, आणि चिल्लर साठवणं हा गुन्हा ठरला होता. भोकाचा पैसा आला आणि लोकांनी त्याचे हजार उपयोग काढले. कारागीर त्याचा वायसर करतात, कारण लोखंडाचा वायसर त्याहून महाग. आबाजींच्या नातीने तीन पैसे करदोड्यात ओवलेत. तिच्या आजीला ही उधळपट्टी वाटते.

उठायला उशीर झाला म्हणून ओशाळू नका. सूर्य उगवतोय आणि तिकडे स्टेशनातल्या घड्याळात आठ वाजलेत. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलली आहेत, उजेडाचा वापर जास्त व्हावा म्हणून. गाडी, कचेरी, पोस्ट नव्या टाइमावर चालतात. शेत, देऊळ आणि गुरं जुन्यावर. आबाजींचं म्हणणं, “नवा टाइम सरकारचा, जुना आपला. बैलाले कोणता सांगू?”

सकाळची न्याहारी म्हणजे ज्वारीची शिळी भाकर, ठेचा, आणि तुरीचे हिरवे सोले घालून केलेली वांग्याची भाजी. पौषात वऱ्हाडात उपाशी राहायला नशीबच खोटं लागतं. तूर भरलेली, ज्वारी खळ्यावर आलेली. चहा गुळाचा आहे. साखर मिळत नाही असं नाही, मिळते ती कोणाला हा प्रश्न आहे. पाणी मात्र जपून प्या. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. बाया पेढी नदीच्या पात्रात झिरे खोदून वाटीवाटीने घागर भरतात. लढाई नव्हती तेव्हाही हे असंच होतं आणि लढाई संपल्यावरही बरीच वर्षं असंच राहील. सगळं खापर हिटलरवर फोडता येत नाही.

गावातून आज दोन दिशांना बंड्या निघाल्यात. पौषातल्या रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचनाची यात्रा असते. रोडग्यांचं पीठ, वांगी, तेलाची बाटली आणि पोरासोरांनी भरलेल्या बंड्या तिकडे. गाडगेबाबांनी तिथे घाट बांधून घेतला, ही ओळख आता यात्रेला कायमची चिकटली आहे, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतंच की बाबा आज झाडू घेऊन येणार. तुम्हाला जायचंय दुसरीकडे, उमरावतीच्या इतवारा बाजाराला. पाच-सहा कोस. आबाजींच्या बंडीच्या चाकाची धाव झिजून पातळ झालीय. नवी लोखंडी धाव परवान्याशिवाय मिळत नाही, आणि परवाना ज्याच्या ओळखीने मिळतो तो धावेपेक्षा जास्त मागतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेली पराटी. खरं तर इथे बंडी थांबवून कापसाचं ऐकून घ्यायला हवं. मुंबईच्या वायदेबाजारात या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणतात, उमरावतीवरून पडलेलं नाव. लढाईआधी या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं जपान. जिनातून सरकी काढून, गाठी बांधून माल बडनेऱ्यावरून मुंबईला आणि तिथून कोबे-ओसाकाला. जुलै १९४१ मध्ये सरकारने जपान्यांची मालमत्ता गोठवली आणि हा व्यापार एका झटक्यात थांबला; डिसेंबरात पर्ल हार्बर झालं, मग तर शत्रूच. हिंदी गिरण्या रात्रंदिवस सैन्याचं कापड विणताहेत, पण त्यांना लांब धागा हवा. वऱ्हाडी माणसाच्या घरात आखूड धाग्याचा ढीग पडून राहिला. आता सरकारी माणूस गावात येऊन सांगतो, कापूस कमी करा, ज्वारी लावा, ‘अधिक धान्य पिकवा’.

आबाजी बैलांकडे बघत विचारतात, “काहून बाप्पा, आपला कापूस नेत होते तवा जपानी साव होते, अन् आता चोर झाले?” याचं उत्तर देऊ नका. त्यांनाही ते नको आहे.

ज्वारी पेरायची सरकारी सक्ती म्हणून कुरकुरणारे हेच आबाजी ज्वारीच्या भावावर मात्र गप्प आहेत. घाऊक भाव एकूणात १९३९ च्या दुपटीच्या वर गेलेत. ज्याच्या घरात बळद भरलेलं आहे त्याने सावकाराचं देणं याच वर्षी फेडलं. ज्याच्या घरात बळदच नाही, जो रोजंदारीवर निंदण-वेचणी करतो, त्याच्या मजुरीने भावाचा पाठलाग केला खरा, पण गाठलं नाही. एकाच पांदणीच्या या दोन टोकांना लढाई वेगवेगळी दिसते, आणि पुढे जे लेख लिहिले गेले ते बहुतेक पहिल्या टोकाला बसून लिहिलेले आहेत.

उमरावतीच्या हद्दीत एक बस तुम्हाला ओलांडून जाते. मागे पाण्याच्या बंबासारखं धुरकट यंत्र बांधलेलं. पेट्रोल रेशनवर आहे, म्हणून बस लाकडी कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारूंनी उतरायचं. स्टेशनाच्या भिंतीवर पाटी आहे, गरज असेल तरच प्रवास करा. बडनेऱ्याच्या मोठ्या लाइनवरून लष्कराच्या गाड्या जातात, त्यांना आधी वाट.

इतवाऱ्यात तेलाच्या दुकानासमोर रांग. ब्रह्मदेशातलं तेल मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यापासून बंद झालं, त्यामुळे घासलेटची बाटली हे आता घरातलं मोलाचं भांडं. गावात दिवे जवसाच्या तेलावर आलेत आणि जेवणं दिवस असतानाच होतात. दुसरी रांग कापडाची. १९४३ च्या उन्हाळ्यात धोतरजोडीचे भाव लढाईआधीच्या चौपट-पाचपट झाले तेव्हा सरकारने जूनमध्ये नियंत्रण आणलं. आता ठाणाच्या काठावर किंमत छापलेली असते. छापील किंमत वाचून खुश होऊ नका. त्या किमतीला दुकानदाराकडे ‘माल नाही’. गरिबांसाठी स्टँडर्ड कापड निघालंय, जाडंभरडं, आणि पाहिजे तेव्हा तेही संपलेलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात माणसं कापडासाठी रांगेत उभी आहेत, ही गोष्ट आबाजी तुम्हाला सांगत नाहीत. ते फक्त रांगेत उभे राहतात.

औषधाच्या दुकानात क्विनाइन विचारून बघा. जावा जपान्यांच्या हातात गेलं, सिंकोनाची साल तिथली. हिवतापाने फणफणलेल्या माणसाला आता काढा आणि गोधडी. सोनं बघायची हौस असेल तर सराफ्यात डोकवा, लढाईआधी तिशीत असलेला तोळा पन्नाशी ओलांडून गेलाय. खिशातल्या पैशांत तुम्हाला परवडेल अशी वस्तू पोस्टात आहे, तीन पैशांचं कार्ड. एक घ्या, लागेल.

बाजाराच्या कडेला झाडाखाली वर्तमानपत्राचं वाचन चाललंय. एक शिकलेला पोरगा मोठ्याने वाचतो, दहा-बारा डोकी ऐकतात. नागपूरचा ‘महाराष्ट्र’, अकोल्याची ‘मातृभूमि’, जे हाती लागेल ते. कागद परदेशातून यायचा, जहाजं आता तोफा वाहतात, म्हणून अंक रोड झालेत. रशियाची फौज पोलंडच्या जुन्या हद्दीत शिरली. जर्मनीची ‘शार्नहॉर्स्ट’ युद्धनौका नाताळानंतर बुडाली. बंगालमध्ये नवं भात आलं, तरी तापाने आणि पटकीने माणसं मरताहेतच. बंगालचं नाव आलं की झाडाखाली कोणी बोलत नाही. सगळ्यांनी ऐकलंय की तिथे पीक होतं आणि अन्न नव्हतं.

मग वाचणारा अंक खाली ठेवतो आणि जे छापलेलं नाही ते सुरू होतं. सुभाषबाबूंनी ३० डिसेंबरला अंदमानात पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. ही बातमी आझाद हिंद रेडिओची. नागपूरला अजून आकाशवाणीच नाही, ती यायला १९४८ उजाडेल. पण गावात ज्या थोड्या श्रीमंतांकडे सेट आहे त्यांच्या माडीवर रात्री सुई मुंबई-दिल्लीच्या पलीकडे सरकते. ते दुसऱ्याला सांगणं भारत संरक्षण कायद्याखाली गुन्हा, म्हणून प्रत्येक जण ‘असं कोणी म्हणत होतं’ एवढ्यावर भागवतो. आज, तुम्ही इथे उभे असताना, आराकानमध्ये इंग्रजांच्या फौजेने मौंगडॉ घेतलंय. तुम्हाला ठाऊक आहे. यांना कळायला अवकाश आहे आणि कळलं तरी कोणी पेढे वाटणार नाही.

यांची लढाई दुसरीच. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. त्या दिवशी ‘चले जाव’च्या उठावात चिमूर आणि आष्टीला जे झालं, आणि याच जिल्ह्यात बेनोड्याला ज्या गोळ्या सुटल्या, ते अजून कालचं आहे. चिमूर-आष्टीचे फाशीची शिक्षा झालेले कैदी तुरुंगात वाट बघताहेत. यावलीचे तुकडोजी महाराज त्या ऑगस्टमध्ये पकडले गेले, डिसेंबरात सुटले. त्यांची खंजिरी वाजली की पोलीस पाटील कान टवकारतो आणि मग स्वतःच ताल धरतो.

करमणूक हवी तर टॉकीज आहे. पण पडद्यावर आधी ‘इंडियन न्यूज परेड’ बघावी लागेल, गेल्या वर्षापासून ती सक्तीची केलीय: रणगाडे, गव्हर्नर, हसरे जवान. प्रेक्षक त्या वेळात बिड्या पेटवतात. कच्ची फिल्म परदेशातून येते म्हणून चित्रपटांवरही अकरा हजार फुटांची मर्यादा आली, आणि खरं सांगायचं तर त्याने काही चित्रपटांचं भलंच झालं. नागपूरहून सुट्टीत आलेला एक विद्यार्थी ‘किस्मत’ची गोष्ट सांगतोय. अशोककुमार पाकीटमार, आणि तरीही नायक! त्यातल्या कवी प्रदीपच्या गाण्यात जर्मन-जपान्यांना दम दिलाय म्हणून सेन्सॉरने ते जाऊ दिलं. दम नेमका कोणाला आहे ते थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळतं, असं तो म्हणतो.

दिवस मावळायच्या आत बंडी जुंपतात. चंद्र आधीच वर आलाय, कंदील लावायची गरज नाही, तेल वाचलं. सामानात अर्धी बाटली घासलेट, मीठ, मिरच्या. धोतरजोडी मिळाली नाही.

भातकुलीच्या शिवेशी पोचता तेव्हा महारवाड्याच्या तोंडाशी एक म्हातारी उभी आहे. तिला कळलंय की लिहिता येणारं माणूस गावात आलंय. तिचा लेक पलटणीत आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, दुसरी पलटण पुढच्या वर्षी कामठीला, डॉ. आंबेडकरांनी लावून धरलेली ही मागणी, आणि आज ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री आहेत. हिच्या घरी दर महिन्याला मनिऑर्डर येते. रोजंदारीवर जगणाऱ्या या वस्तीत बांधलेला पगार असलेलं घर बहुधा हेच. लेक कुठे आहे ते तिला माहीत नाही; बरम्याकडे, असं लोक म्हणतात. पत्त्यात गाव नाही, मुलूख नाही. नंबर, नाव, पलटण आणि फील्ड पोस्टाचा आकडा.

आबाजी बंडी थांबवतात, पण खाली उतरत नाहीत. तुम्ही उतरा. पोस्टातलं कार्ड काढा, गुडघ्यावर ठेवा.

ती सांगते ते जसंच्या तसं लिहा. पैसे पोचले. ज्वारी महाग आहे पण आहे. लुगडं फाटलं, नवं भेटलं नाही, त्याची काळजी करू नको. लढाई कधी सरते ते साहेबाले विचार. इथे तुमचा टाक थांबेल, कारण तारीख तुम्हाला पाठ आहे. पण ती सांगितली तर दीड वर्षाहून जास्त बाकी आहे हेही सांगावं लागेल. आणि कापडाचं नियंत्रण १९४८ च्या जानेवारीत उठून त्याच वर्षी पुन्हा बसेल, हे कोणत्या तोंडाने सांगणार? लिहीत राहा. कार्ड भरत आलंय, शाई पसरतेय, कडेला बोटभर जागा उरली आहे.

“अजून एक, भाऊ,” ती म्हणते. “बकरी जनली, दोन पाठी झाल्या. तेवढं बसवा कोठंतरी.”