वृद्धिवाचक इंग्रजी क्रियापदे

एखादी गोष्ट आकाराने, संख्येने, प्रमाणाने किंवा तीव्रतेने वाढते अथवा वाढवली जाते, असा अर्थ देणारी इंग्रजीतील क्रियापदे. इन्क्रीज, ग्रो, रेज, एन्लार्ज, एक्स्पांड, एक्स्टेंड, ऑगमेंट, ॲम्प्लिफाय, मॅग्निफाय ही त्यांपैकी नेहमी भेटणारी. इंग्रजी-मराठी कोशांत या बहुतेकांपुढे ‘वाढवणे’ हा एकच अर्थ दिसतो आणि शिकणाऱ्याला ती सगळी एकमेकांच्या जागी चालतील असे वाटू लागते. प्रत्यक्षात काय वाढते आहे यावर क्रियापदाची निवड ठरते.

यांतला सर्वांत जुना थर जर्मानिक आहे. जुन्या इंग्रजीत वाढण्यासाठीचे मुख्य क्रियापद वॅक्स हे होते. ग्रो मुळात वनस्पतींच्या वाढीचे. ग्रास (गवत) आणि ग्रीन (हिरवा) हे शब्द त्याच कुळातले. पुढे ग्रोने वॅक्सची जागा घेतली आणि वॅक्स प्रामुख्याने शुक्ल पक्षातल्या चंद्रापुरते उरले. ईक हे तिसरे जुने क्रियापद. त्याच्याच कुळातल्या ईक या शब्दाला ‘आणखी’ असा अर्थ होता आणि ईकनेम म्हणजे जादाचे नाव. आधीच्या ‘ॲन’मधला न त्याला चिकटला आणि निकनेम हा शब्द तयार झाला. आज ईक ‘कशीबशी गुजराण करणे’ या अर्थाच्या प्रयोगात तग धरून आहे. या जुन्या शब्दांचे नाते मराठी वाचकाला परके नाही. वॅक्स हे संस्कृत वक्ष् (वाढणे) या धातूचे भावंड, तर ईक हे लॅटिन ऑगेरे आणि संस्कृत ओजस् यांच्या कुळातले. रेज मात्र स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आले.

1066 नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच आली आणि पुढची काही शतके फ्रेंच-लॅटिन शब्दांची आवक चालू राहिली. इन्क्रीजच्या मुळाशी लॅटिन क्रेस्केरे (वाढणे) आहे. वाढत्या चंद्रकोरीसाठीचा क्रेसेंट, संगीतातला क्रेसेंडो आणि आपल्या कचेऱ्यांत पगारवाढीसाठी सर्रास चालणारा इन्क्रिमेंट हे सारे तिथलेच. ऑगेरेपासून ऑगमेंट झाले. बोली चढवत नेण्याचा ऑक्शन आणि लेखकाला लावला जाणारा ऑथर हे शब्दही त्याचेच. संस्कृतच्या युरोपीय व्याकरणकारांनी ‘अगच्छत्’सारख्या भूतकाळी रूपांच्या आरंभी येणाऱ्या ‘अ’ला ऑगमेंट म्हटले. पाणिनीय परंपरेत तो अट् आगम.

अर्थभेद बारकाईने पाहण्यासारखे आहेत. इन्क्रीज सर्वांत निरपेक्ष असून किंमत, संख्या, वेग अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना ते सहज लागते. एक्स्टेंडमध्ये लॅटिन तेंदेरे (ताणणे) आहे, आणि आपले तन्, तंतू, तान त्याचेच आप्त. म्हणून मुदत, रस्ता, व्हिसा यांना ते शोभते. एक्स्पांडमध्ये चहूकडे पसरणे आहे: तापलेला धातू, धंदा, बीजगणितातील कंस. ऑगमेंट म्हणजे मुळात जे आहे त्यात भर घालणे, जसे शिकवण्या घेऊन पगाराला जोड देणे. डायलेट डोळ्याच्या बाहुलीसाठी, इन्फ्लेट फुग्यासाठी आणि फुगलेल्या किमतींसाठीही.

मॅग्निफाय या सर्वांत वेगळे पडते. भिंगाखालची मुंगी होती तेवढीच राहते, वाढते ते तिचे दिसणे. चौदाव्या शतकात या क्रियापदाचा ठळक अर्थ थोरवी गाणे, स्तुती करणे असा होता. सतराव्या शतकात दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक आले, 1665 मध्ये रॉबर्ट हुकचे ‘मायक्रोग्राफिया’ निघाले, आणि प्रकाशशास्त्रातला अर्थ रुळला. मॅग्निफायमधला लॅटिन मॅग्नुस (मोठा) आणि संस्कृत महत् हे सगोत्र आहेत हे लक्षात घेतले, तर स्तुती आणि भिंग यांना जोडणारा धागा सापडतो. छायाचित्र मोठे करायचे तर एन्लार्ज. आपल्या फोटो स्टुडिओंनीही हाच शब्द उचलला.

विशेषणाला ‘एन’ जोडूनही वृद्धिवाचक क्रियापदे होतात: वायडन, डीपन. हा प्रत्यय बहुधा एकाक्षरी आणि विशिष्ट व्यंजनांत संपणाऱ्या विशेषणांनाच लागतो, म्हणून टॉल किंवा स्लो यांपासून अशी रूपे होत नाहीत. लाँग आणि स्ट्राँग यांच्या बाबतीत नामाचा आधार घेऊन लेंग्थन, स्ट्रेंग्थन झाले. बिगपासूनचे एम्बिगन 1996 मध्ये ‘द सिम्पसन्स’ या मालिकेतल्या विनोदाने गाजले आणि 2018 मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशात दाखल झाले.

मराठीत वाढणे आणि वाढवणे यांची रूपे निराळी. इंग्रजीत इन्क्रीज, एक्स्पांड दोन्ही कामे करतात. ग्रो सकर्मक होऊन पिकांसाठी अठराव्या शतकापासून चालते, पण अर्थव्यवस्था ‘ग्रो करणे’ हा प्रयोग बिल क्लिंटन यांच्या 1992 च्या प्रचाराने रूढ केला आणि भाषेच्या कर्मठ रक्षकांनी त्यावर नाके मुरडली. ती तक्रार मला पटत नाही. अकर्मक क्रियापद सकर्मक होणे ही इंग्रजीची जुनी, निरोगी सवय आहे.

एस्कलेट हेही तसे अलीकडचेच. ओटिस कंपनीने 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या सरकत्या जिन्याचे एस्कलेटर हे व्यापारी नाव. 1950 मध्ये अमेरिकेत त्यावरचा मालकी हक्क संपला. नामावरून क्रियापद त्याआधीच घडले होते, शीतयुद्धाच्या चर्चांत त्याला ‘संघर्ष टप्प्याटप्प्याने वाढणे’ हा अर्थ मिळाला आणि व्हिएतनाम युद्धात ते वृत्तपत्रांत पोचले. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत मात्र ‘इश्यू एस्कलेट कर’ म्हणजे तक्रार वरच्या साहेबाकडे ने.