घोडा पाय का धरतो? एका जुन्या दुखण्याचा शोध

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा जळकोट, मुखेड, कंधार भागातली पुष्कळ मंडळी तिथल्या घोडेबाजारात जातात. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, चारही पाय उचलून पाहते आणि शेवटी मानेवर थाप मारून म्हणते, "मान कशी भरलीय बघा!" अयाळीखाली चरबीचा घट्ट कडा, पाठीच्या मधोमध पन्हळ आणि शेपटीच्या मुळाशी गुबगुबीतपणा असला की भाव चढतो. आम्हांला मात्र अशी मान दिसली की काळजी वाटते. असाच घोडा पुढे एके दिवशी पाय धरतो. पुढचे पाय पुढे टाकून टाचांवर भार देऊन उभा राहतो, वळायला नको म्हणतो, खुराला हात लावावा तर गरम लागते. काटा नाही, खिळा नाही, मार नाही. मग झाले काय?

हे दुखणे आजचे नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी घोड्यांच्या एका रोगाला जवाचे नाव दिले होते. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. आजच्या भाषेत तो रोग नेमका कोणता हे ठामपणे सांगणे अवघड, पण फाजील धान्याने घोडा बिघडतो एवढे त्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे घोड्याच्या वैद्यकीला शालिहोत्राचे नाव आहे, जनावरांच्या वैद्याला सलोतरी म्हणतात ते त्यावरूनच. आपल्या शेजारच्या बहामनी राज्यात या विद्येचा ग्रंथ फारसीत उतरविला गेला, म्हणजे दख्खनच्या दरबारालाही तिची गरज होतीच.

तरीपण लाड काही सुटले नाहीत. इ. स. १३०० च्या सुमाराचा वस्साफ नावाचा इराणी इतिहासकार लिहितो की, दक्षिणेच्या किनाऱ्यावर अरबी घोड्यांना भाजलेले धान्य लोण्यातुपात घालून देतात आणि वर गाईचे तापवलेले दूध पाजतात. एवढा खर्च करूनही घोडे टिकत नाहीत, याचे त्याला नवल वाटले. तूप, गूळ, हरभऱ्याची चंदी हा थाट आजही आपल्या ओळखीचाच आहे, नाही का?

मराठ्यांच्या तट्टांची गोष्ट निराळी. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला, तेव्हा या माळावरून हजारो घोडी दौडली असतील. ती मिळेल त्या वैरणीवर राहत आणि खाल्लेले दौडीत जाळीत. आता टांगा गेला, टपाल गेले, लढाई गेली. घोडा लगीनसराईत वरातीपुरता बाहेर निघतो आणि बाकीचे महिने दावणीला उभा असतो. तोबरा मात्र दौडीच्या घोड्याचाच राहिला आहे. दुखण्याची निम्मी कथा इथेच आहे.

उरलेली निम्मी कळायला फार वेळ लागला. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईलखान येथे सर्रा रोगाचे जंतू घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिले. १८८६ साली मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा उघडली, ती पुढे १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. हे काम मोठेच होते. पण आमच्या मते त्यात सरकारचा हिशेबही होता. साथीच्या रोगाने पलटणीचे घोडे घाऊक मरत, म्हणून पैसा तिकडे गेला. एखाद्या तबेल्यातला लठ्ठ घोडा एकटाच लंगडला, तर त्याची चौकशी कोण करणार?

उत्तर आले ते माणसाच्या मधुमेहाच्या वाटेने. रोग्याच्या गोड लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. योगायोग बघा, पुण्याची प्रयोगशाळा निघाली त्याच १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ साली कॅनडातील टोरांटोला बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन हाती आणले. पण रक्तातले इन्सुलिन अचूक मोजण्याची युक्ती १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी काढली, त्यानंतरच घोड्याचे कोडे सुटण्याची सोय झाली.

१९८३ साली कॉफमन आणि कोल्स यांनी पाय धरलेली तट्टे तपासली, तर त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही असे दिसले. कान मंद झालेल्या म्हाताऱ्याला हाक मारताना जसा आवाज चढवावा लागतो, तसे अशा घोड्याचे स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओतत राहते. त्यामुळे रक्तातली साखर बहुधा ठीकच दिसते आणि नुसती साखर तपासणारा फसतो. २००२ मध्ये जॉन्सन यांनी लठ्ठपणा, इन्सुलिनचा बिघाड आणि खुराचे दुखणे यांची सांगड घालून त्याला घोड्याचा चयापचयाचा विकार असे एकच नाव सुचविले.

तरी शंका उरलीच. इन्सुलिन हा नुसता सोबती की खरा गुन्हेगार? २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी त्याचा निकाल लावला. त्यांनी पाच निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिन चढते ठेवले आणि साखर मात्र नेहमीइतकीच राखली. तीन दिवसांच्या आत पाचही तट्टांनी पाय धरले. नखाला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात, ते ताणले जाऊन सैल पडतात. बांधणी फार सुटली तर हाड खाली सरकते, आणि मग नालबंदाने कितीही कसब दाखविले तरी घोडा पूर्वीसारखा चालेलच असे नाही.

म्हणून कारण नसताना घोडा पुन्हा पुन्हा पाय धरू लागला, तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावे आणि रक्तातील इन्सुलिन तपासण्याविषयी स्पष्ट विचारावे. नमुन्याआधी चंदी, गूळ देऊ नये, नुसते वाळले गवत चालते. दुखणे जोरात असताना इन्सुलिन तसेही चढते, तेव्हा डॉक्टर थोडे थांबू म्हणाले तर ऐकावे. घोडा पंधरा वर्षांच्या वरचा असून उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नसतील, तर मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा बिघाड असू शकतो. त्याची रक्तपरीक्षा वेगळी आहे. ताप, अंगावर सूज आणि खंगणे असेल तर आधी सर्रा तपासावा. घोड्याने कणगी फोडून पोटभर धान्य खाल्ले असेल किंवा घोडीची वार अडकली असेल, तर त्यानेही पाय धरले जातात. तिथे तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा.

दुखत असताना घोड्याला फिरवू नका, खाली वाळू किंवा भुसा जाड पसरा. दुखणे दबवण्यासाठी कोणाच्याही हातून स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊ नका, अशा घोड्यात त्याने इन्सुलिन आणखी चढू शकते. गूळ व चंदी बंद करून वाळलेले गवत तोलून द्यावे. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाकाठी साधारण साडेचार किलो पुरते. गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिले तर त्यातली थोडी साखर निघून जाते. आणि लठ्ठ आहे म्हणून तट्टाला किंवा गाढवाला एकदम उपाशी ठेवू नका. अंगची चरबी एकाएकी रक्तात उतरते, काळीज बिघडते आणि जनावर दगावते. वजन उतरवायचे ते महिन्यांच्या हिशेबाने, आणि पाय पूर्ण बरे झाल्यावर रोजच्या चालीने.