तीन प्रांतांचा टेलिफोन

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचे आईवडील कॅनडात ब्रँटफर्ड गावी राहत. त्यामुळे या यंत्राचा कॅनडाला घरच्या मुलाइतका अभिमान. पण अभिमानाने बिल कमी होत नाही! मोबाइलच्या बिलाची कुरकूर तेथे थंडीच्या कुरकुरीइतकीच जुनी झाली आहे, आणि तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही त्यातून सुटलेली नाहीत. या महागाईचे मूळ शोधू लागलो, तेव्हा मला तीन शेजाऱ्यांची एक गोष्ट सापडली.

मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि आल्बर्टा हे गव्हाचे प्रांत. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे टेलिफोन होता तो बेल कंपनीचा, आणि तोही मुख्यतः शहरांत. मैलोगणती दूर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत तार नेण्यात कंपनीला स्वारस्य नव्हते. दर मात्र चढे. अखेर प्रांतिक सरकारांनीच कंबर बांधली. १९०८ मध्ये मॅनिटोबा व आल्बर्टा यांनी, तर १९०९ मध्ये सस्कॅचवानने बेलचा आपल्या प्रांतातला सारा कारभार विकत घेतला.

पुढे तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९८५ च्या १ जुलैला टोरांटोच्या महापौरांनी माँट्रियलच्या महापौरांशी मोबाइलवर संभाषण केले आणि नवे युग सुरू झाले. १९९० मध्ये आल्बर्टाने आपली कंपनी खासगी केली. तीच टेलस, बेल आणि रॉजर्स यांच्या जोडीला बसलेली तिसरी बलाढ्य कंपनी! या त्रिकुटासमोर नवे गडी टिकेनात. क्लिअरनेट २००० मध्ये टेलसने गिळली, मायक्रोसेल २००४ मध्ये रॉजर्सने. २००८ च्या लिलावात सरकारने काही लहरी नवख्यांसाठी मुद्दाम राखून ठेवल्या. त्यातून निघालेल्या पब्लिक मोबाइलला २०१३ मध्ये टेलसने घेतले, तर मोबिलिसिटीला २०१५ मध्ये रॉजर्सने.

मॅनिटोबाने आपली कंपनी १९९० नंतरच्या दशकात विकली. तरी ती स्थानिक म्हणून उभी होती. २०१७ मध्ये तिला विकत घेतले कोणी? बेलने! एकशे नऊ वर्षांपूर्वी पैसे मोजून जिला निरोप दिला, तीच पाहुणी मालकीण होऊन परतली. गंमत अशी, की ही विक्री तपासताना स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयानेच म्हटले होते, की जेथे दमदार प्रांतिक कंपनी आहे तेथे हे त्रिकूटही दर कमी ठेवते. तरीही विक्रीला संमती मिळाली. तोल राखण्यासाठी पुढे आणलेली छोटी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली.

सस्कॅचवानने मात्र आपली सस्कटेल विकली नाही. ती अद्याप प्रांताच्याच मालकीची आहे. हा केवळ सरकारीपणाचा गुण, असे मी म्हणणार नाही. क्वेबेकात व्हिडिओट्रॉन ही खासगी कंपनी हेच काम करते. दुकान कोणाचे, यापेक्षा गल्लीत आणखी एक दुकान आहे की नाही, याला गिऱ्हाइकाच्या लेखी मोल अधिक. ते दुकान विकताना हाती येणारी रक्कम एकदाच मोजली जाते. न विकल्याचा लाभ मात्र घरोघरच्या बिलात महिन्यामहिन्याला मिळत राहतो, म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.