राशीचा उतार

मुंबईचा इतिहास लिहिणारे तिच्या बंदराविषयी, गिरण्यांविषयी भरभरून लिहितात. तिच्या कचऱ्याकडे मात्र नाकाला पदर लावूनच पाहावयाचे अशी रीत पडली आहे. आम्ही शहापूर-मुरबाडकडची माणसे. आमचे आणि मुंबईचे नाते पाण्याचे. १८९२ साली तानसाचे दगडी धरण पुरे झाले आणि आमच्या रानातले पाणी तिच्या नळाला गेले. आज भातसा तर तिची जवळजवळ निम्मी तहान भागविते. ज्या शहराला आपण पाणी पाजले, ते आपला केर कोठे टाकते हे विचारण्याचा आपल्याला थोडा हक्क आहे, असे मी समजतो!

१८९६ च्या प्लेगाने मुंबईला घाणीचे भय शिकविले. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारच्या खाजणात पडू लागला. खाजण केव्हाच भरले. मग ढीग वर चढला आणि पाहता पाहता त्याचा डोंगर झाला. आमच्याकडचा उकिरडा कधी घराएवढा होत नाही, कारण पावसाआधी तो शेतात जातो. शहराला शेत नाही.

आता डोंगर म्हटला की उतार आलाच. खळ्यावर भाताची रास घालताना वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल : वरून सूप ओतीत जावे, रास उंच होते, पण तिचा उतार फारसा बदलत नाही. जास्त झालेले दाणे आपोआप घसरून पायथ्याशी येतात. दाण्याला दाणा अडतो तोवर रास उभी. माती, मुरूम यांचेही तसेच. फरक इतकाच, की त्यांच्यात पाणी शिरते. पाणी आत कोंडले की कणांमधला दाब वाढतो आणि एकाला एक अडविण्याची शक्ती घटते. माळशेज घाटात आषाढ-श्रावणात दरडी येतात त्या यामुळेच. घाटमाथ्यापलीकडे, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे दरडीखाली गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली.

कचऱ्याचा डोंगर मातीहून फसवा. त्यातल्या चिंध्या आणि प्लास्टिक एकमेकांत गुंतून त्याला आवळून धरतात, म्हणून तो भिंतीसारखा ताठ उभा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते, पक्का आहे. आत मात्र कुजण्याची क्रिया चालू असते, वायू साठतो, काळे पाणी तुंबते. मनिलाजवळ पायातास येथे १० जुलै २००० रोजी मोठ्या पावसानंतर असा ढीग झोपड्यांवर कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. श्रीलंकेतील मीथोटामुल्ला येथे तर तो १४ एप्रिल २०१७ रोजी, ऐन नववर्षाच्या सणाला कोसळला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला दिल्लीच्या गाझीपूरचा ढीग रस्त्यावर आला. वाहने कालव्यात ढकलली गेली आणि दोघांचा बळी गेला.

यावर इंजिनिअर मंडळींचा उपाय ऐकला तर आपला शेतकरी हसेल, कारण भाताच्या खाचराचा बांध घालताना तोही तेच करतो : पायथा रुंद ठेवावयाचा, पाण्याला वाट द्यावयाची. ते तीन हात आडवे तर एक हात उभे, असा सौम्य उतार धरतात, मध्ये मध्ये पायऱ्या सोडतात आणि उतार धरून ठेवणारे बळ घसरविणाऱ्या बळाच्या दीडपट आहे ना, हे गणिताने पाहतात. तळाशी ९० सेंटिमीटर चोपलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा आणि त्यावर काळे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असे आपल्याकडचे नियम सांगतात. देवनारला १९२७ साली असले काही घातलेले नव्हते, आणि डोंगर उचलून त्याखाली अंथरूण घालणे कोणालाच शक्य नाही!

जुन्या ढिगाचे काय करावे, याचे एक उत्तर मुंबईनेच गोराईला दिले. १९७२ पासून खाडीकाठी साचलेला तो ढीग सुमारे २६ मीटर उंच झाला होता. २००७ च्या अखेरीस तेथे कचरा टाकणे थांबविले, ताठ कडे उतरते केले, वरून पांघरूण घातले, आतला वायू नळ्यांनी बाहेर काढण्याची सोय केली. आता त्याच्यावर गवत आहे.