झाडूवर स्वार झालेले गरीब

२४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्यातील इटालियन चित्रपटांपैकी ‘बायसिकल थीव्ज’ची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. त्याच व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘मिरॅकल इन मिलान’ मात्र काहीसा विस्मरणात गेला. वास्तविक १९५१ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळाले होते.

कथा परीकथेसारखी आहे. कोबीच्या वाफ्यात सापडलेल्या तोतोला वृद्ध लोलोत्ता मायेने वाढविते. तिच्यामागे तो अनाथाश्रमात मोठा होतो आणि पुढे मिलान शहराबाहेरच्या ओसाड जागेवर बेघरांची वसाहत उभारतो. कडाक्याच्या थंडीत उन्हाचा एकच कवडसा पडतो, तेव्हा सारे धावत जाऊन त्यात दाटीवाटीने उभे राहतात. मुलांनी शिकावे म्हणून तोतो गल्ल्यांना पाढ्यांची नावे देतो.

एके दिवशी जमिनीतून फवारा उडतो. प्रथम ते पाणी वाटते. पण निघते तेल! मग धनिक मोब्बीला ती जागा हवी होते. लोलोत्ता तोतोला इच्छापूर्ती करणारे कबुतर देते, तर वसाहतीत कोटांसाठी आणि पैशांसाठी चढाओढ सुरू होते. अखेर पोलिसांच्या गाड्यांतून सुटलेले हे गरीब कॅथीड्रलच्या चौकातील झाडूवाल्यांच्या झाडूंवर बसून आकाशात उडून जातात.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत हा चित्रपट परका वाटू नये. तेथे तेल नव्हते, पाणी होते. वेळवंडी नदीवर १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरा कालव्यांतून बारामती-फलटणकडे गेले. आंबी नदीवरील पानशेतचे पाणी पुण्याकडे गेले. खालची शिवारे हिरवी झाली, शहराची तहान भागली. नदीकाठच्या गावांना मात्र आपली भातखाचरे पाण्याखाली जाताना पाहावी लागली. त्यांच्या हाती उडणारे झाडू नव्हते.

म्हणून चित्रपटाचा शेवट केवळ गमतीचा वाटत नाही. खरा चमत्कार कबुतर येण्याआधीच घडून गेला होता: परक्या माणसांनी एक कवडसा वाटून घेतला होता. आकाशातले उड्डाण हा चमत्कार नव्हे, तो प्रश्न आहे. या माणसांना पृथ्वीवर जागा का उरली नाही? त्याचे उत्तर देवदूतांकडे मागण्यापूर्वी आपण स्वतःलाच विचारायला हवे.